मेडिकलच्या मुलाखतीसाठी कोचिंग लावावं का? (ऑन्टॅरिओ)

ब्रॅम्प्टनची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नाशिकचे, आता कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. मुलगी बायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी ओम्सॅसमधून (ऑन्टॅरिओच्या मेडिकल कॉलेजांची एकत्र अर्जाची व्यवस्था) मेडिकलचे अर्ज भरायचं चाललंय. ओळखीतल्या काही घरांनी मुलांना मुलाखतीचं कोचिंग लावलं, म्हणून आम्हीही एका ठिकाणी चौकशी केली. अर्ज लिहून देण्यापासून सरावाच्या मुलाखतींपर्यंत सगळं मिळून साडेचार हजार डॉलर सांगितले. त्या माणसाने फोनवर तिची यादी ऐकली आणि म्हणाला, टिम हॉर्टन्सची (कॉफीच्या दुकानातली) नोकरी गाळा, आजीचं तर लिहूच नका, एखादं रिसर्च मिळवा.

यादी अशी: शनिवार-रविवार पहाटे टिम्समध्ये काम. उन्हाळ्यात केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना जेवण भरवणं. मंडळाच्या गणपतीत लहान मुलांचं नाटक बसवणं. आणि माझ्या सासूबाईंचं डायलिसिस असतं आठवड्यातून तीनदा, त्यातली एक फेरी तिची ठरलेली. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे नर्सशी बोलणं तिच्याकडेच.

शिवाय क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या मेडिकलला आता लॉटरी लावतात म्हणे. मग मुलाखतीवर पैसे घालून काय उपयोग? आणि घराजवळ टीएमयूचं (टोरोंटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी) नवं मेडिकल कॉलेज सुरू झालंय, तिथे एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षाही लागत नाही असं ऐकलं. माझा भाचा पुण्यात नीट देतोय. मार्क पडले की तुम्ही कुठे उभे आहात ते तिथे कळतं तरी. इथे नक्की काय बघतात हेच समजत नाही, आणि रात्री झोप लागत नाही. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा.

दुसरं_वर्ष_टोरोंटो

काकू, मी सध्या मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिली गोष्ट, टिम्स गाळू नका! ओम्सॅसच्या यादीत सोळाव्या वर्षापासूनचं सगळं मागतात. नोकरी, घरातली जबाबदारी, छंद, सगळं. फक्त प्रत्येक नोंदीला 'हो, हिने हे केलंय' असं सांगणारा माणूस लागतो. टिम्सच्या मॅनेजरचा फोन नंबर, ईमेल आत्ताच घेऊन ठेवायला सांगा, कारण तिथले मॅनेजर फार बदलतात. आजींच्या बाबतीत डायलिसिस युनिटमधली कोणी ओळखीची नर्स चालेल का, ते तिला विचारू दे.

एमकॅटबद्दल थोडं. टीएमयू मागत नाही हे खरं, ओटावा आणि उत्तरेकडचं नॉसम हे मेडिकल कॉलेजही मागत नाही. हॅमिल्टनचं मॅकमास्टर मागतं, पण त्यातला फक्त कार्स हा वाचनाचा भाग धरतं. तरी एमकॅट सोडला की बाकीची बरीच दारं बंद होतात. द्यायला सांगा.

कॅस्पर कोणकोणत्या कॉलेजला लागतो ते त्या-त्या वर्षी बघावं लागतं. ती ऑनलाइन परीक्षा आहे: प्रसंग दाखवतात, काही उत्तरं टाइप करायची, काही कॅमेऱ्यासमोर बोलायची, आणि वेळ फार कमी. गुण कळत नाहीत, चारपैकी कुठल्या गटात पडलात एवढंच कळतं. त्यासाठी टायपिंगचा वेग वाढवणं हा मला सगळ्यात उपयोगी पडलेला सराव.

कोविडपासून मुलाखती ऑनलाइन गेल्या त्या बऱ्याच ठिकाणी अजून ऑनलाइनच आहेत. टोरोंटोची पद्धत वेगळी, चार वेगवेगळ्या माणसांशी एकेकटं बोलायचं असतं. माझं तर पहिल्याच वेळी बोलणं लवकर संपलं आणि समोरच्या बाई नुसत्या बघत राहिल्या. घाबरून भर घातली नाही, 'माझं एवढंच म्हणणं आहे' असं म्हटलं, मग त्यांनीच पुढचं विचारलं. ऑनलाइनमध्ये शांतता फार लांब वाटते, त्याचा सराव घरी नक्की करा.

हॅमिल्टनकर

ताई, मी हॅमिल्टनला औषधाचं दुकान चालवत होतो, आता निवृत्त आहे. एमएमआयला, म्हणजे एकामागून एक छोट्या मुलाखतींच्या फेरीला, परीक्षक म्हणून डॉक्टर असतात, विद्यार्थी असतात आणि गावातली माझ्यासारखी माणसंही बोलावतात. कुठल्या स्टेशनवर (म्हणजे खोलीत) काय विचारलं ते मी कधीच सांगणार नाही, तशी सही केलेली आहे. पण पद्धत कशी चालते ते जगजाहीर आहे, आणि पालकांना ते नीट कळलं तर निम्मी भीती जाईल.

ही पद्धत निघाली मॅकमास्टरमध्येच. आधी दोन-तीन जणांचं पॅनेल मुलाला समोर बसवायचं आणि बराच वेळ बोलायचं. पॅनेलला पोरगा पहिल्या पाच मिनिटांत आवडला की पुढचं त्याचं सगळंच बरोबर वाटायचं. तोच पोरगा शेजारच्या पॅनेलपुढे बसला असता तर निकाल वेगळा लागला असता. म्हणून तिथले संशोधक केविन इव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या एका मुलाखतीचे तुकडे केले. त्यावरचा लेख 2004 मध्ये आला आणि नंतर ही पद्धत जगभर गेली. साधारण दहा खोल्या, दारावर प्रसंग लिहिलेला, दोन मिनिटं वाचायला आणि आठ मिनिटं आत. प्रत्येक खोलीत वेगळा माणूस. मला त्या मुलाचा जीपीए (पदवीच्या गुणांची 4.0 पैकी सरासरी) ठाऊक नसतो, एमकॅट ठाऊक नसतो, आधीच्या खोलीत तो अडखळला का तेही ठाऊक नसतं. एक खोली बिघडली तर पुढच्या दारात पाटी कोरी असते. हे मुलीला आवर्जून सांगा, कारण मुलं मागच्या खोलीचं ओझं घेऊन आत येतात आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

आता कोचिंगचं. माझ्या दुकानातला एक प्रसंग सांगतो, हा कुठल्याही स्टेशनवरचा नाही. एक आजी आल्या, पंजाबीशिवाय दुसरी भाषा नाही. सोबत मुलगा, कामावरून मधेच आलेला, हातात गाडीची किल्ली. मी विचारलं, नव्या गोळ्यांनी चक्कर वगैरे येते का? आजी चांगलं मिनिटभर बोलल्या. कपाळाला हात लावला, मग पोटरीला, मग डोळे पुसले. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, 'ती ठीक आहे.' एवढंच.

हाच प्रसंग दारावर लिहिलेला आहे असं समजा. कोचिंगमधून आलेलं मूल बसल्या बसल्या सुरू करतं: यात संबंधित चार व्यक्ती आहेत, रुग्णाची स्वायत्तता, गोपनीयता, दोन्ही बाजू. शब्द सगळे बरोबर. पण सहा मिनिटं झाली तरी आजी कुठेच नाहीत! आजी पोटरीला हात लावून काय सांगत होत्या, हे त्याच्या मनातही येत नाही. दुसरं मूल म्हणतं, मी आधी आजींकडे वळेन, पोटरीकडे बोट दाखवून 'इथे दुखतं का' असं खुणेने विचारेन, फोनवर दुभाषा मिळतो का बघेन. मुलाला खोटं पाडणार नाही, त्याला परत कामावर जायचं असेल. या दुसऱ्या मुलाचं इंग्रजी अडखळत असलं तरी मला चालतं.

मग परीक्षक मधेच एखादी गोष्ट वाढवतो. समजा, आजीच म्हणाल्या की माझ्या वतीने मुलालाच बोलू दे, तर? इथे खरं कळतं. पाठांतर केलेलं मूल पहिल्याच वाक्यावर परत येतं. ज्याने ऐकलंय ते थांबतं, 'मग मला माझं म्हणणं बदलावं लागेल' म्हणतं आणि खरोखर बदलतं.

तुमची मुलगी सासूबाईंच्या डायलिसिसला बसून दर आठवड्याला हेच करते आहे. तिने कधी आजीचं बोलणं नर्सला सांगताना काही वगळलं का? का वगळलं? आजीला राग आला होता का? यावर तिच्याशी बोला. असं शिकवायला साडेचार हजार डॉलर घेणारा माणूस ते 'लिहूच नका' म्हणतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण गाळायला सांगितली ती नेमकी डॉक्टर व्हायला लागणारी गोष्ट आहे.

लॉटरीबद्दलही एक गैरसमज आहे. क्वीन्सने 2024 मध्ये जी पद्धत जाहीर केली, तिच्यात सोडत मुलाखतीच्या आधी आहे, मुलाखतीच्या जागी नाही. जीपीए, एमकॅट आणि कॅस्परची किमान रेषा ओलांडली की सगळे सारखे, मग त्यातून नावं काढायची. नाव निघालं की पुढे मुलाखत आहेच. म्हाडाच्या सोडतीत पात्र ठरल्याशिवाय चिठ्ठी पडत नाही, तसंच. सगळं जागावाटपच सोडतीने करण्याच्या जवळ गेलेला प्रकार इथे कोविडमधला. 2020 च्या मार्चमध्ये मॅकमास्टरला मुलाखती रद्द कराव्या लागल्या आणि काही जागांसाठी चिठ्ठ्या काढल्या.

मला स्वतःला सोडत प्रामाणिक वाटते. टक्क्यांचा जीपीए करण्याच्या ओम्सॅसच्या तक्त्यात नव्वद आणि त्यावरचे सगळे 4.0, आणि 89 ला 3.9. त्या एका टक्क्यात चांगला डॉक्टर आणि वाईट डॉक्टर असा फरक नसतो. पण कॉलेजं तिथेच रेषा वर-वर नेत गेली. ज्या मुलांना शनिवारी पहाटे टिम्समध्ये उभं राहावं लागतं त्यांचाच एक टक्का जातो. ज्यांना नोकरी करावी लागत नाही त्यांचा जात नाही.

कॅलगरीचा_बाबा

हॅमिल्टनकर, मुलाखतीबद्दल पटलं, सोडतीबद्दल नाही. माझ्या मुलाने चार वर्षं घासली, रेषेच्या कितीतरी वर आहे, आणि रेषेला टेकलेल्या मुलाबरोबर त्याची चिठ्ठी एकाच डब्यात. बाप म्हणून मला ते गिळत नाही.

ब्रॅम्प्टनच्या ताईंसाठी एक गोष्ट मात्र चांगली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने जाहीर केलं की 2026 च्या प्रवेशापासून 95 टक्के जागा ऑन्टॅरिओच्याच मुलांना, उरलेल्या बाकी कॅनडातल्यांना, परदेशी विद्यार्थ्यांना नाही. म्हणजे आमच्या अल्बर्टातल्या मुलांना तिकडचे दरवाजे जवळपास बंद. बहुतेक प्रांत आपल्या मुलांना आधी घेतात हे जुनंच आहे, आता ते आकड्यात आलं.

नवी कॉलेजं मात्र खरंच निघतायत. प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शार्लटटाउनला 2025 मध्ये सुरू झालं, ब्रिटिश कोलंबियात सरीला सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीचं 2026 मध्ये 48 मुलांनी सुरू करायचं ठरलं. पण तीही पहिल्यांदा तिथल्याच मुलांकडे बघणार.

ब्रॅम्प्टनची_आई

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मुलीला हॅमिल्टनकर दादांचा आजींचा प्रसंग वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, एकदा आजी नर्सला म्हणाली होती, 'मला हे मशीन नको, मला घरी मरू दे.' आणि तिने नर्सला फक्त 'ती दमली आहे' एवढंच सांगितलं. मला हे माहीतच नव्हतं. आम्ही दोघी बराच वेळ बोललो. सासूबाईंशीही बोलायचं ठरवलंय, आणि पुढच्या वेळी नर्सला खरं सांगायचं, दुभाषा मागायचा.

हे मुलाखतीत बोलावं का, की फार खाजगी होईल? आणि टीएमयूबद्दल कोणी सांगा. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर आहे, त्याचा काही फायदा होतो का?

हॅमिल्टनकर

ताई, आधी सासूबाईंचं बघा. त्यांना काय हवंय ते डायलिसिस युनिटमधल्या डॉक्टरांपर्यंत पोचू दे, दुभाष्यातर्फे, नातीतर्फे नको. एवढं वजन तिच्या एकटीच्या खांद्यावर नको. मेडिकलचे अर्ज त्यानंतर.

मुलाखतीत बोलावं की नाही ते तिने ठरवावं. बोलली तर आजीचं नाव, तपशील गाळून बोलावं, आणि आजीला विचारून बोलावं. प्रश्नाशी संबंध असेल तिथेच. ओढून-ताणून आणलेलं लगेच कळतं.

टीएमयू सप्टेंबर 2025 मध्ये 94 मुलांनी सुरू झालं, ब्रामलीतल्या जुन्या सिव्हिक सेंटरच्या इमारतीत. अर्ज आले होते सहा हजारांहून जास्त, त्यामुळे घराजवळ म्हणजे सोपं असं समजू नका. किमान जीपीए 3.3 आहे, पदवी लागते. सुरुवातीला 75 टक्के जागा मूळनिवासी, कृष्णवर्णीय आणि इतर वंचित गटांच्या मार्गांनी भरायचं जाहीर झालं होतं, त्यावर 2024 मध्ये पुष्कळ वादही झाला. आता नियम कसा लिहिलाय ते दर वर्षी त्यांच्या पानावर वाचा, माझ्या किंवा कोणाच्या पोस्टवर विसंबू नका. ब्रॅम्प्टन आणि पीलशी (ब्रॅम्प्टन ज्या विभागात येतं तो) असलेलं नातं ते बघतात, पण नातं म्हणजे नुसता पत्ता नाही. तिचं केअर होम ब्रॅम्प्टनचं, टिम्स ब्रॅम्प्टनचं, आजीची फेरी ब्रॅम्प्टनची. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कोणत्या भाषेत डॉक्टर मिळत नाही हे तिला माहीत आहे. ते तिने तिच्या शब्दांत लिहावं.

एक जपून सांगतो. 2024 मध्ये ऑन्टॅरिओत सुमारे पंचवीस लाख लोकांना फॅमिली डॉक्टर नव्हता, आणि सरकार आता फॅमिली मेडिसिन करायला तयार असलेल्यांची फी भरणार आहे, त्या बदल्यात ऑन्टॅरिओत काम करायचं. म्हणून मुलं उठसूट 'मला फॅमिली डॉक्टरच व्हायचंय' म्हणतात. खरं असेल तर जरूर म्हणावं. अजून ठरलं नसेल तर ठरलं नाही म्हणावं, त्याला कोणी गुण कापत नाही.

सरावासाठी रविवारी दुपारी मी ऑनलाइन बसू शकतो. मी काही घेत नाही. प्रसंग माझ्या दुकानातले असतील, तिने आठ मिनिटं बोलायचं आणि मी मधेच मोडता घालणार. 'दुसरं वर्ष टोरोंटो', तुम्हीही आलात तर तिला चार माणसांची सवय होईल. फक्त एक अट, आईवडील त्या वेळी खोलीत नकोत.

दुसरं_वर्ष_टोरोंटो

मी येते. काकू, तिला सांगा मॅनेजरचा ईमेल या शनिवारीच घे.