जावयाच्या पणजोबांची जर्मन पत्रं कशी लावायची?

देवगडकर आजोबा: जावई नेब्रास्काचा. त्याचे पणजोबा जर्मन, पण १९१० च्या अमेरिकन जनगणनेत जन्मठिकाण 'रशिया'! लेकीने त्यांच्या पत्रांचे फोटो पाठवलेत. जर्मन शिकलेल्या पुतणीलाही एक ओळ लागेना. डोक्याचो भुगो झालो.

मोडीवाला: ती कुरेंट लिपी, म्हणजे जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी. आपल्या मोडीसारखंच, भाषा येते म्हणून लिपी येत नाही. त्यात 'ई' हा 'एन'सारखा दिसतो, 'यू'वर छोटी वाटी असते. आधी वरची तारीख, गाव आणि मायना लावा. मायने ठरलेले असतात, आपल्या 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'सारखे. तिथून अक्षरं हेरायची.

खाडीकाठ: रशिया चूक नसावी. १७६३ मध्ये रशियाच्या कॅथरीन राणीने परदेशी शेतकऱ्यांना बोलावलं, हजारो जर्मन तिथल्या व्होल्गा नदीकाठी वसले. त्यांची नातवंडं-पतवंडं पुढे नेब्रास्का, कॅन्ससला गेली. त्याच नोंदीत मातृभाषा बघा, 'जर्मन' असेल. १९०० च्या जनगणनेत अमेरिकेत आल्याचं वर्षही मिळेल. १८९० ची मात्र शोधत बसू नका, १९२१ च्या आगीत बहुतेक गेली. आणि आडनाव कानाने शोधा, श्मिटचा स्मिथ होतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर काय कमी घोळ असतात?

देवगडकर आजोबा: भिंग घेऊन बसलो. वाटीवाला 'यू' सापडला आणि पुतणी ओरडली, "लीबर ब्रूडर!" म्हणजे प्रिय भावा. आता हा भाऊ कुठे राहिला, ते शोधतोय.