फिरतं केळं, नाचरा लोगो : लिंक्डइनवर जिफ लावायच्या की नाही?

रावेरकर
काल एका मार्केटिंगवाल्या भाऊंनी लिंक्डइनवर ज्ञान पाजळलं : 'स्थिर फोटोचा जमाना गेला. प्रत्येक पोस्टला जिफ, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा फिरणारं छोटं हलतं चित्र, लावा, मग बघा रीच.' खाली आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांच्या टाळ्या. नमुना म्हणून एका केळी निर्यातदाराची जिफ. पिवळंजर्द केळं फिरतंय, सोललं जातंय, मिटतंय, पुन्हा सोललं जातंय.

अहो, निर्यातीचं केळं हिरवं कापतात. हिरवंच धुतात, खोक्यात भरतात, १३-१४ अंशांवर कंटेनरमधून नेतात आणि पिकवतात तिकडे, खरेदीदाराच्या रायपनिंग चेंबरमध्ये. हे पिवळं बघून दुबईचा माणूस म्हणेल, याचा माल वाटेतच पिकतो वाटतं. त्याला बघायची असते फणी, म्हणजे घडातला केळ्यांचा एक झुबका : लांबी, जाडी, चिकाचे डाग. त्यात जिफला एका चौकटीत (फ्रेममध्ये) रंग फक्त २५६. फॉरमॅटच १९८७ चा. सालीवरची छटा पट्ट्यापट्ट्यांची होते, निरोगी घडावर करपा आल्यासारखा वाटतो. २०१६ ला जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते दाखवा की. लिंक्डइन ही धंद्याची जागा आहे, वरातीची लायटिंग नाही.

चटईवाला
भाऊ, तुमचा राग केळ्याच्या रंगावर आहे, जिफवर नाही. आमच्या एमआयडीसीतल्या चटईचा फोटो टाकला की लाइक कोणाचे? दोन कामगार आणि मेहुणा. मागावर डिझाइन उमटतानाची जिफ टाकली आणि थेट नायजेरियातून विचारणा आली. ऑर्डर झाली नाही, ती गोष्ट वेगळी.

रावेरकर
तीच तर गोष्ट आहे!

धुळ्याचा पुण्यात
तोच तुकडा एमपी४ मध्ये, म्हणजे साध्या व्हिडिओ फाइलमध्ये टाका, फाइल कितीतरी हलकी होते. गावाकडच्या नेटवर जिफ उघडेपर्यंत माणूस पुढे सरकलेला असतो. ईमेलमध्ये तर अजून मजा, आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्त्यांत फक्त पहिली चौकट दिसते. तुमची ऑफर तिसऱ्या चौकटीत असेल तर बसा. आणि डब्ल्यूसीएजी नावाचे सुलभतेचे निकष आहेत : मजकुराशेजारी आपोआप पाच सेकंदांहून जास्त हलणारं काही असेल तर ते थांबवायची सोय हवी, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको. फिट येणाऱ्यांना त्यानं त्रास होऊ शकतो. मला अर्धशिशी आहे. सकाळी फीड उघडलं की 'वी आर हायरिंग' लुकलुकतं, मी फोन पालथा ठेवतो.

भुसावळची पोस्टवाली
निकष क्लायंटला सांगून बघा दादा. 'ताई, कायतरी हलतं ठेवा,' एवढंच कळतं त्यांना. साधी पोस्ट बनवून पाठवली की म्हणतात, यात तुम्ही केलं काय? एकानं दिवाळीत लोगोभोवती पणत्या फिरवून घेतल्या. बिल अजून फिरतंय. तुम्ही लोक जिफला नावं ठेवता, उधारीवर धागा कोणी काढत नाही.

यावलचा आबा
उधारीचं आम्हाला विचार बाई. जिफ करायला यांच्याकडे पैसा, केळीला भाव द्यायला नाही. बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव एक, बांधावर येऊन देतात दुसरा.

रावेरकर
आबा, विषय तो नाही.

यावलचा आबा
केळं तू काढलं.

सावदा ट्रेडर
व्यापाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. मजुरी, भाडं, वजनातली कटती कोण सोसतं? ट्रक वाटेत अडकला तर काळा पडलेला माल कुणाच्या बोकांडी?

यावलचा आबा
घड कापून झाल्यावर 'क्वालिटी नाही' म्हणून भाव पाडता. मग काय, कापलेलं केळं झाडाला परत लावू? मागच्या हंगामात ट्रक बांधाला लागला, अर्धा भरला आणि तिथून फोन आला की आज भाव उतरला. मजूर उभे, ऊन चढलेलं. काय करणार, दिलं.

सावदा ट्रेडर
एकानं केलं म्हणून सगळे चोर? भाव चढले की ठरलेला सौदा मोडून दुसऱ्याला बाग देणारे शेतकरी पाहिलेत मी. त्याची बनवा जिफ.

यावलचा आबा
नाव घेऊन बोल.

नंदुरबारकर
हाऊ जिफना धागा व्हता ना भो?

भुसावळची पोस्टवाली
होता. मी तर म्हणते, आबांचा तो अर्धा भरलेला ट्रक लिंक्डइनवर टाका. एकही जिफ लागणार नाही.

चटईवाला
ताई, तो ट्रक भरतानाचा दाखवला तरच लोक थांबतील. म्हणजे हलताच लागेल.

रावेरकर
बरं बाबा, चटईवाल्यांचा माग ठेवा. तिथे हलण्यातूनच माल कळतो. लोगो नाचवून काय कळतं? पॅकहाउसच्या हौदात फण्या धुतानाचा तुकडा मीही टाकीन, पण व्हिडिओ. जिफ नाही.

चटईवाला
म्हणजे हलतं चालतं, फक्त तुमच्या मर्जीनं. आभारी आहोत साहेब.

धुळ्याचा पुण्यात
आणि आवाज बंद ठेवा, हात जोडतो.

यावलचा आबा
हौदातल्या फण्या कोणाच्या बागेतल्या? माझ्या असतील तर आधी भाव सांग.