मदत हवी: विंडोज चालूच होईना, अर्जंट

मलप्रभाकाठ (खानापूर): चालू केलं की काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' (म्हणजे विंडोज चालू करायला डिस्कच सापडेना) यायलंय. सगळं करून बघितलो. सकाळी गिऱ्हाईक लग्नपत्रिका न्यायला येणार, मराठी-कन्नड दोन्ही मजकूर आतच अडकलाय. लवकर सांगा.

निपाणीकर: सगळं म्हणजे काय काय? डिस्क किती? विंडोज कशावर?

मलप्रभाकाठ: एसएसडीवर. दुसरी जुनी हार्डडिस्क, तिच्यात नुसते फोटो.

चिकोडीचा_मेकॅनिक: मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर २०३२. लाइट गेली की बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) तारीख मागं जाते, बूटचा म्हणजे कुठल्या डिस्कवरनं चालू व्हायचं तो क्रम बदलतो. माझं असंच झालतं.

मलप्रभाकाठ: तारीख बरोबर आहे ओ. एसएसडी पण दिसायलीय.

उबुंटूवाला: विंडोज सोडा, लिनक्स टाका.

चिकोडीचा_मेकॅनिक: आणि श्रीलिपी, ते विंडोजवरचं टायपिंगचं सॉफ्टवेअर, चालवायला तुम्ही येणार?

उबुंटूवाला: युनिकोडात करा म्हणून कधीचं सांगतोय. ऐकतंय कोण!

शहापूर_डीटीपी: पीडीएफमध्ये कन्नड जोडाक्षरं तुटत असतील तर फाँट एम्बेड करा.

मलप्रभाकाठ: अहो पीडीएफ कुठली, मशीनच चालू होईना!

निपाणीकर: जुनी हार्डडिस्क आत्ता जोडलेली आहे काय?

मलप्रभाकाठ: काल काढलो. खरखर वाजत होती. तिचा काय संबंध?

निपाणीकर: अण्णा, हे आधी सांगायचं की! विंडोज घालताना ती जोडलेलीच असणार. जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा कप्पा) आधीच असलं, की इन्स्टॉलर विंडोज एसएसडीवर टाकतो, पण बूटच्या फाइली बऱ्याचदा त्या जुन्या पार्टिशनमध्येच ठेवतो. लेगसीत (बूटच्या जुन्या पद्धतीत) पण हीच गत होते. डिस्क परत जोडा, चालू होईल. आधी पत्रिका पेनड्राइव्हवर घ्या, वाजणाऱ्या डिस्कचा भरवसा नाही.

मग कायमचं काम. एसएसडी जीपीटी (डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत) असेल तर तिच्यावर थोडी जागा काढून फॅट३२ मध्ये ईएफआय पार्टिशन करा, तिला एस अक्षर द्या, आणि ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर बीसीडीबूट, पुढं सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय. सगळं इंग्रजीत टाइप करायचं. एमबीआर (भाग पाडायची जुनी पद्धत) असेल तर हे चालणार नाही. मशीन यूईएफआय (बूटची नवी पद्धत) की लेगसी, ते सांगा.

उबुंटूवाला: एवढ्यात लिनक्स टाकून झालं असतं.

मलप्रभाकाठ: जोडलो, चालू झालं! प्रिंट मारायलोय.

निपाणीकर: पेनड्राइव्हवर घेतलं काय? आणि यूईएफआय की लेगसी?

चिकोडीचा_मेकॅनिक: तरी सेल बदलून टाका. बेळगावात खडेबाजारात मिळतो.