ईएमटीनंतर आधी एईएमटी करू की थेट पॅरामेडिक?

सायरनवाली
नमस्कार मंडळी. अमेरिकेत ईएमएसमध्ये (ॲम्ब्युलन्स सेवेत) असलेलं कोणी मराठी इथे आहे का माहीत नाही, पण विचारून बघते. मी जॉर्जियात असते, अटलांटापासून साधारण तासाभरावर. ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरची मूलभूत पातळी) झाले, नॅशनल रजिस्ट्रीची, म्हणजे राष्ट्रीय प्रमाणपत्राची, परीक्षा निघाली आणि आता एका प्रायव्हेट ॲम्ब्युलन्स कंपनीत ट्रान्सपोर्टचं काम करतेय, म्हणजे पेशंटला डायलिसिसला न्या, परत आणा, नर्सिंग होममधून हॉस्पिटलला सोडा, असं. काम वाईट नाही, आजी-आजोबा भरपूर गप्पा मारतात, पण खरी इमर्जन्सी म्हणाल तर कधीमधी.

पॅरामेडिक, म्हणजे सगळ्यात वरची पायरी, व्हायचं हे पक्कं आहे. घोडं अडलंय एईएमटी (ॲडव्हान्स्ड ईएमटी) या मधल्या पायरीवर. जवळच्या टेक्निकल कॉलेजात एईएमटीचा एका सेमिस्टरचा कोर्स आहे, संध्याकाळचे वर्ग. तिथल्याच पॅरामेडिक प्रोग्रॅमला ईएमटी पुरतं, एईएमटीची अट नाही. पण आमच्या काउंटीच्या ९११ ट्रकवर (इमर्जन्सी कॉलच्या ॲम्ब्युलन्सवर) एक पॅरामेडिक आणि एक एईएमटी अशी जोडी असते, साध्या ईएमटीला ते घेतच नाहीत. माझी इन्स्ट्रक्टर म्हणते की इंटरमीजिएट (म्हणजे हीच मधली पायरी) केल्याशिवाय पॅरामेडिकला गेलीस तर बुडशील. ट्रकवरचा पार्टनर म्हणतो, पैसे आणि वेळ वाया, जे शिकशील तेच पुन्हा पहिल्यापासून शिकवणार. नवरा म्हणतो जे काय करायचं ते एकदाच करून टाक, आणि त्याचंही बरोबर आहे कारण मुलगा दुसरीत आहे आणि माझ्या शिफ्टमुळे सगळं घर त्याच्यावर पडतं. काय करू?

खडूस_मेडिक
इन्स्ट्रक्टर बाई जुन्या असतील तर त्या कुठून बोलतायत ते आधी समजून घे. पूर्वी इंटरमीजिएट दोन होते, एक १९८५ च्या अभ्यासक्रमाचा आणि एक १९९९ चा. ९९ वाला म्हणजे जवळजवळ अर्धा पॅरामेडिक होता, मॉनिटर वाचायचा, मॅन्युअल शॉक द्यायचा, इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) करायचा, हृदयाची बरीचशी औषधं त्याच्याकडे असायची. तो करून पॅरामेडिकला गेलेल्या माणसाला फायदा व्हायचाच. मग २००७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर नवीन चौकट आली, ईएमआर (ईएमटीच्याही खालची), ईएमटी, एईएमटी, पॅरामेडिक अशा चारच पायऱ्या ठेवल्या आणि ९९ वाल्यांना सांगितलं, एक तर वर चढा नाहीतर एईएमटी म्हणून खाली उतरा. आजचा एईएमटी त्या ८५ वाल्याच्या जवळचा आहे. त्यामुळे 'इंटरमीजिएट कर' हा सल्ला ऐकताना कुठल्या इंटरमीजिएटबद्दल चाललंय ते विचारत जा.

माझं मत म्हणशील तर थेट जा. पॅरामेडिक कोर्स बाराशे ते अठराशे तासांचा असतो, त्यात आयव्ही (शिरेतून सलाइन-औषध देणं) पहिल्या दिवसापासून शिकवतात, तू आधी केलंय म्हणून कोणी तास कापून देत नाही. मुलं आयव्हीवर अडत नाहीत गं. अडतात ती ईसीजी आणि फार्माकॉलॉजीवर, आणि ते दोन्ही एईएमटीत जेमतेम आहे.

निवांत_काकू
खडूस, तुझ्या नावाला जागलास. पण तिने लिहिलेली मुख्य गोष्टच तू सोडून दिलीस. काउंटी साध्या ईएमटीला ९११ वर घेत नाही. ती आत्ता थेट पॅरामेडिकला गेली तर डायलिसिसच्या खेपांमधून उठून सरळ क्लिनिकलला (हॉस्पिटल आणि ट्रकवरच्या प्रत्यक्ष सरावाला) जाणार, आणि शेवटच्या टप्प्यात प्रीसेप्टर (शिकवणारा अनुभवी पॅरामेडिक) म्हणणार, 'हं, आता हा कॉल तू चालव.' हिने तोवर घरातला गोंधळ, तीन नातेवाईक एकदम ओरडतायत, कुत्रा भुंकतोय, पेशंट बाथरूममध्ये दाराआड पडलाय, हे बघितलेलंच नसणार.

मी आधी एईएमटी केलं होतं, टेनेसीत, आणि मला विचारशील तर त्या सर्टिफिकेटचा खरा फायदा हा की पॅरामेडिकच्या शेजारची सीट मिळते. एक प्रसंग सांगते. बाई बेशुद्ध, अंग घामाने चिंब, ग्लुकोमीटरवर तिशीतला आकडा. ईएमटी असते तर तोंडात ग्लुकोज जेल घालायचं, पण ज्याला गिळता येत नाही त्याला ते देताच येत नाही, म्हणजे हात बांधलेले. एईएमटीला शीर सापडली तर डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) लावता येतं, नाही सापडली तर ग्लुकागॉन (साखर वाढवणारं इंजेक्शन) स्नायूत. त्या बाईच्या शिरा हाताखाली नुसत्या पळत होत्या, मनगटाजवळ एक मिळाली, बारीक कॅन्युला गेली आणि डी-टेन (दहा टक्के डेक्स्ट्रोज) सुरू केल्यावर काही मिनिटांत बाई डोळे उघडून मलाच विचारतायत तू कोण आणि माझ्या बेडरूममध्ये काय करतेस. तेवढ्या वेळात माझा पॅरामेडिक काय करत होता? काही नाही. मागे उभा राहून औषधांच्या गोळ्यांच्या बाटल्या वाचत होता, नवऱ्याला विचारत होता की जेवल्या कधी, इन्सुलिन घेतलं की गोळी, कारण गोळीवाली असेल तर साखर पुन्हा उतरू शकते आणि तिला घरी सोडून चालत नाही. हे पुस्तकात आहे, मान्य, पण मी ते त्याला बघून शिकले.

जर्सीकर
माझा अनुभव उलटा. मी न्यू जर्सीत होतो तेव्हा तिकडे मधली पायरीच नव्हती. व्हॉलंटियर स्क्वाडमध्ये ईएमटी, आणि पॅरामेडिक हॉस्पिटलच्या युनिटमधून वेगळ्या गाडीने दोघं-दोघं यायचे. त्यामुळे सगळे जण ईएमटीवरून थेट जायचे आणि चांगले पॅरामेडिक व्हायचे, कोणी बुडालं नाही. म्हणून 'एईएमटीशिवाय जमत नाही' हे मला काही पटत नाही. पण एक फरक आहे तो सांगतो, आमच्याकडे ईएमटीला ९११ चे कॉल मिळायचे, भरपूर, रात्री-बेरात्री. सायरनवालीला ते मिळत नाहीयेत. तेव्हा काकूंच्या मुद्द्याला +१, खडूसच्याही अर्ध्या मुद्द्याला +१.

आणि अनुभव म्हणजे नुसती वर्षं नव्हेत बरं का. दहा वर्षं ट्रान्सपोर्ट केलेला माणूस आणि सहा महिने गडबडीच्या ९११ वर काढलेला माणूस, छातीत दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटसमोर दोघांना उभं करा, लगेच कळतं.

थंडगार_डेन्व्हर
कोलोराडोतून. इकडे ईएमटीलाच आयव्हीचा वेगळा छोटा कोर्स करून परवानगी मिळते, त्यामुळे पुष्कळ जण एईएमटीच्या वाटेला जातच नाहीत. प्रत्येक राज्याचं आणि त्यातही प्रत्येक मेडिकल डायरेक्टरचं वेगळं असतं. तू ज्या सर्व्हिसमध्ये जाणार आहेस तिचे प्रोटोकॉल मागून घे, बऱ्याच जणांचे ऑनलाइनच असतात, आणि त्यात एईएमटीच्या रकान्यात काय काय आहे ते बघ. कागदावर आयव्ही, आयओ (हाडातून औषध देणं), सुप्राग्लॉटिक एअरवे (श्वासासाठी घशात बसवायची नळी) सगळं असतं पण ट्रकवर पॅरामेडिक असताना ते तुला करायला देतात का, की तू फक्त ड्रायव्हर, हे तिथल्या एखाद्या एईएमटीला चहा-कॉफीला नेऊन विचार. ते कुठे छापलेलं नसतं. शक्य असेल तर एक राइड-अलाँग कर, म्हणजे त्यांच्या ट्रकवर एक शिफ्ट नुसतं बघायला बस.

सायरनवाली
बापरे, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काकू, तो प्रसंग वाचून अंगावर काटा आला. प्रोटोकॉल शोधले, आमच्या काउंटीत एईएमटीला आयव्ही, डेक्स्ट्रोज, नालोक्सोन (अफूजन्य औषधांच्या ओव्हरडोसवरचं औषध) शिरेतून, असं बरंच आहे. राइड-अलाँगसाठी ईमेल टाकलाय.

दोन शंका. एक, एईएमटीची वेगळी परीक्षा आणि मग पॅरामेडिकची वेगळी, म्हणजे दोनदा ते प्रॅक्टिकल स्टेशनचं (एकेका टेबलावर कौशल्य करून दाखवण्याचं) टेन्शन? आणि दोन, माझ्या आत्ताच्या कंपनीने सांगितलंय की पॅरामेडिकची फी ते भरतील, बदल्यात काही वर्षं त्यांच्याकडे काम. घ्यावं का?

खडूस_मेडिक
प्रॅक्टिकलचं टेन्शन विसर. नॅशनल रजिस्ट्रीने जुलै २०२४ पासून एईएमटी आणि पॅरामेडिक दोन्हींची ती स्टेशनवाली परीक्षा बंद केली. आता कॉम्प्युटरवरच असते, त्यात क्लिनिकल जजमेंटचे प्रश्न टाकलेत, म्हणजे प्रसंग पुढे सरकत जातो आणि तुला ठरवत जायचं. कौशल्यं कॉलेजातच तपासतात. त्यामुळे कॉलेज चांगलं असणं आणखी महत्त्वाचं झालं. पॅरामेडिक प्रोग्रॅम मान्यताप्राप्त आहे ना ते मात्र तपास, २०१३ पासून त्याशिवाय रजिस्ट्रीच्या परीक्षेला बसता येत नाही. नवीन प्रोग्रॅम असेल आणि मान्यता 'प्रक्रियेत आहे' म्हणत असतील तर लेटर ऑफ रिव्ह्यू (मान्यता मिळेपर्यंतचं अधिकृत पत्र) दाखवा म्हणायचं, तोंडी आश्वासनावर फी भरायची नाही.

आणि हो, पायरी चढलीस की दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे तासही वाढतात, ईएमटीला ४०, एईएमटीला ५०, पॅरामेडिकला ६०. फार नाही, पण घर-मूल-शिफ्ट सांभाळणाऱ्या माणसाला आधी माहीत असलेलं बरं.

काउंटीचा रकाना खरंच तेवढा भरलेला असेल तर मी माझा 'थेट जा' थोडा मागे घेतो. एकच अट, एईएमटी होऊन तिथे रमायचं नाही. पगार जरा वाढतो, कौतुक होतं, आणि मग 'पुढच्या वर्षी करते' सुरू होतं. असे किती तरी बघितलेत, चांगली हुशार माणसं.

निवांत_काकू
कंपनीच्या पैशांबद्दल: करारात तीन गोष्टी बघ. मधेच सोडलंस किंवा नापास झालीस तर पैसे कधी आणि किती परत द्यायचे, काम 'पॅरामेडिक म्हणून' की पुन्हा ट्रान्सपोर्टच, आणि कोर्स चालू असताना शिफ्ट क्लिनिकलप्रमाणे बदलून देणार का. माझ्या ओळखीतली एक मुलगी पॅरामेडिक झाली आणि करारापायी डायलिसिसच्याच गाडीवर बसून राहिली, शिकलेलं सगळं हाताखालून निसटलं. नव्या पॅरामेडिकला पहिली दोन वर्षं कॉल मिळाले नाहीत तर फार वाईट. त्यापेक्षा एईएमटी स्वतःच्या पैशाने कर, काउंटीत लाग, त्यांच्याकडे पॅरामेडिकसाठी काही मदत आहे का ते तिथे विचार.

खडूस जो धोका सांगतोय तो खरा आहे. त्यावर उपाय म्हणून ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा विषय आत्ताच करून टाक, कॉलेजला लागतोच बहुतेक. आणि काउंटीत लागलीस की प्रत्येक कॉलनंतर पॅरामेडिककडून मॉनिटरची पट्टी मागून घे, पेशंट सोपवून झाला, स्ट्रेचर पुसून झालं की पाच मिनिटं बसायचं आणि वाचायचं, रेट किती, नियमित आहे का, पी वेव्ह दिसते का. पट्टीवरचं पेशंटचं नाव फाडून टाकायचं तेवढं लक्षात ठेव.

जर्सीकर
नवऱ्याला काय सांगणार ते पण ठरव, तो 'एकदाच करून टाक' म्हणतोय. एईएमटीचे दीडशे ते अडीचशे तास आणि पॅरामेडिकचे ते हजाराच्या वरचे, असा कागद समोर ठेव. पॅरामेडिकच्या क्लिनिकलमध्ये आठवड्याचं वेळापत्रक हातात राहत नाही, हॉस्पिटलच्या रात्री वेगळ्या, ट्रकच्या वेगळ्या. त्या वर्षासाठी मुलाला शाळेतून कोण आणणार हे आधी ठरलेलं हवं.

सायरनवाली
हो, तो कागद आज रात्रीच करते. एईएमटीचा अर्ज भरला, ॲनाटॉमीचा ऑनलाइन वर्गही बघून ठेवलाय. कंपनीच्या करारावर सही करत नाहीये. राइड-अलाँगचं उत्तर आलं की इथे टाकते, शनिवारची रात्र मागितलीय.

खडूस_मेडिक
शनिवार रात्र मागितलीस? मग पोटभर जेवून जा आणि बूट जुने घाल.