घरच्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला ‘किलोमागे 25 ते 30’ कशाला?

खाडीकाठ: आयसीयूतला ताजा गंभीर पेशंट बाजूला ठेवा. मानेच्या मणक्याला मार बसून ट्रॅकिओस्टॉमीवर (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत बसवलेली नळी) महिनोन्महिने घरी पडून असलेल्यांबद्दल बोलतोय. डिस्चार्ज कार्डावर सरसकट वजनाच्या किलोमागे रोज 25 ते 30 किलोकॅलरी. 50 किलोच्या माणसाला 1250 ते 1500 झाल्या. हातपाय हलत नाहीत, स्नायू झिजलेले, श्वासाचं कामही मशीन करतंय. मग जाळणार कोण? दोन्ही हात आणि दोन्ही पाय लुळे असतील तर 20 ते 22 पुरतात. जादा भरलं की कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो बाहेर टाकायला जास्त श्वास लागतो आणि मशीन सोडवताना पेशंट दमतो. 1000-1100 वर सुरू करा.

भरतीओहोटी: साफ चूक. माकडहाडावर बेडसोर असेल तर 30 ते 35 लागतात, हे विसरलात. ताप आला की खर्च आणखी चढतो. शिवाय कार्डावरचा आकडा पोटात जातो कुठे? आपल्याकडे पेग ट्यूबमधून (पोटाच्या त्वचेतून थेट जठरात घातलेली नळी) पेज जाते. ग्लासभर पेजेत 30 ग्रॅम तांदूळ धरला तरी 105 किलोकॅलरी आणि जेमतेम 2 ग्रॅम प्रथिनं. नाचणी घट्ट शिजवली की थंड होताना ट्यूबमध्येच बसते, मग अर्धं फीड सिंकमध्ये. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ पातळ राहतं, तरी गाळूनच द्या. आधी आणि नंतर 30 मिली पाणी. तुमचे 1000 कागदावर लिहिले तर पोटात 700 पडतील.

मापकाटा: दोघेही गुणाकारावर भांडताय. खरा आकडा इनडायरेक्ट कॅलरीमेट्रीने, म्हणजे श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून, मिळतो. यंत्र नसेल तर व्हेंटिलेटरवर दिसणारा कार्बन डायऑक्साइड (मिनिटाला मिली) गुणिले 8.19, हा मार्ग एस्पेन या युरोपीय पोषण संस्थेच्या 2019च्या मार्गदर्शनात आहे. 140 आला तर दिवसाला साधारण 1150 किलोकॅलरी. पण वेंगुर्ल्याच्या घरातल्या एकनळी मशीनवर हे जमायचं नाही, त्यात हवेची गळती मुद्दाम ठेवलेली असते. म्हणून डिस्चार्जआधी वॉर्डातच मोजा: कफ (नळीभोवतीचा हवेचा फुगा) फुगवलेला, पेशंट अर्धा तास शांत, नुकतंच सक्शन (नळीतला कफ ओढणं) किंवा फिजिओ झालेलं नको. फुगा गळत असेल तर आकडा खोटा कमी येतो आणि खाडीकाठ खूश होतात. कॅलरीमीटरही 60 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन चालू असताना भरवशाचा नाही.

खाडीकाठ: मोजणी मान्य. पण कॅलरी कापताना प्रथिनं कापू नका, खरी चूक तिथे होते. मिलीला 1 किलोकॅलरी आणि लिटरला 40 ग्रॅम प्रथिनं असलेला फॉर्म्युला 1000 मिली दिला तर 40च ग्रॅम मिळतात. 50 किलोला किलोमागे 1.2 ग्रॅमप्रमाणे 60 हवीत. चार उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग मिक्सरमधून काढून गाळला की 14, आणि 20 ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडरची 7. त्यांच्या सुमारे 140 किलोकॅलरी होतात, तेवढा फॉर्म्युला कमी करा. मग बेरीज 55 च्या आसपास येते.

भरतीओहोटी: बेडसोर नसेल तर 1100 चालेल, असेल तर मी हटणार नाही. आणि वजनाचा काटा घरी नसतो म्हणून दंडाचा घेर तरी घ्या: खांद्याचं टोक ते कोपर, बरोबर मध्यावर पेनाने खूण, दर पंधरा दिवसांनी त्याच हाताचा. हात सुजलेला असेल तर दुसरा. घेर उतरत असेल तर फीड 100 किलोकॅलरीने वाढवायचं, पोटाचा घेर वाढत असेल तर तेवढंच कमी.