नागरी सहकारी बँकेने कोअर बँकिंग क्लाउडवर न्यावं का? न्यायचं तर आधी की शेवटी?

कोअरसांभाळ (धागाकर्ता)

साठ-सत्तर शाखांच्या नागरी बँकांच्या संचालक मंडळांपुढे सध्या एकाच साच्याचा प्रस्ताव येतोय: मुख्य कार्यालयातली सर्व्हर रूम बंद करा आणि कोअर बँकिंगसकट (सगळ्या शाखांची खाती आणि व्यवहार सांभाळणारी मुख्य प्रणाली) सगळं वर्षभरात क्लाउडवर (दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर) न्या. क्लाउडला माझी हरकत नाही, हरकत या घाईला आहे. आधी ईमेल, टेस्ट सर्व्हर आणि बॅकअपची दुसरी प्रत न्या. मग डीआर साइट (मुख्य यंत्रणा पडली तर काम सांभाळणारी पर्यायी यंत्रणा) तिकडे उभी करा. डीआरवरून दोन तिमाहींचं व्याज बिनचूक जमा झालं, की मगच प्रोडक्शन (रोजचं खरं काम चालतं ती यंत्रणा) हलवा.

कारण साधं आहे. कोअरला काय काय जोडलंय याची पूर्ण यादी बहुतेक ठिकाणी नसतेच. एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणा), एनईएफटी-आरटीजीएस, यूपीआय, सीटीएस (चेक क्लिअरिंग), सीकेवायसी (केंद्रीय केवायसी नोंदणी), एसएमएस गेटवे. प्रत्येकापुढे चार रकाने हवेत: पलीकडे आपला कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नोंदलाय, पोर्ट कुठलं, सर्टिफिकेट कधी संपतं आणि अडलं तर फोन कोणाला करायचा. आयपी बदलला की पलीकडची फायरवॉल आपल्याला आत घेत नाही, आणि तो बदल मंजूर करून घ्यायला आठवडे जातात. एटीएमचा पिन तपासणारं एचएसएम हे उपकरण कुठे राहणार, हा प्रश्न तर प्रस्तावात सापडतच नाही.

रात्रपाळी

पूर्ण असहमत. तुम्ही क्लाउडचे धोके मोजताय, पण आज कोअर ज्या खोलीत आहे तिचे धोके कोण मोजणार? यूपीएसच्या बॅटऱ्या वेळेवर बदलल्या जात नाहीत, दुसरा एसी कागदावरच असतो, ऑपरेटिंग सिस्टीमचे पॅच 'मार्चअखेर होऊ द्या' म्हणून पुढे ढकलले जातात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणमध्ये पाणी कुठवर चढलं हे सगळ्यांनी पाहिलंय. तळमजल्यावरच्या सर्व्हर रूमची आणखी दोन वर्षं काळजी घेत बसायचं कशासाठी?

शिवाय टप्पे लांबले की दुहेरी खर्च होतो. जुन्या सर्व्हरची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) चालू, क्लाउडचं बिलही चालू. यादी करायला सहा आठवडे घ्या, आठ घ्या. पण तारीख ठरवूनच कामाला लागा, नाहीतर 'आधी यादी' म्हणता म्हणता सर्व्हरची मुदत संपते आणि घाईत नवं लोखंड विकत घेतलं जातं.

ताळेबंद

खर्चाचा विषय निघालाच आहे तर कोटेशनमध्ये न दिसणारी एक ओळ सांगतो: डेटाबेसचं लायसन्स. ओरॅकल एंटरप्राइझ एडिशन हा डेटाबेस स्वतःच्या इंटेल सर्व्हरवर असेल तर कोअर फॅक्टर 0.5 लागतो, म्हणजे 8 कोअरना 4 लायसन्स (इथे कोअर म्हणजे प्रोसेसरचा गाभा, कोअर बँकिंग नव्हे). एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉन) किंवा अझ्युर (मायक्रोसॉफ्ट) या क्लाउडवर तो फॅक्टर लागू होत नाही. तिथे हायपरथ्रेडिंग (एक खरा कोअर दोन म्हणून वापरणं) असताना 2 व्हीसीपीयूंना, म्हणजे आभासी प्रोसेसरना, 1 लायसन्स मोजतात. तेवढेच 8 खरे कोअर हवेत तर 16 व्हीसीपीयू, म्हणजे 8 लायसन्स. लायसन्सचा आकडा थेट दुप्पट. म्हणून आधी महिनाभर सीपीयूचा खरा वापर मोजा, आणि त्या महिन्यात तिमाहीअखेर आलीच पाहिजे. बऱ्याचदा 8 पैकी 4 कोअर पुरतात असं दिसतं आणि भांडणच मिटतं. न मोजता 'जसं आहे तसं' उचलून नेणं हा सगळ्यात महागडा मार्ग.

बचत होते ती टेस्ट आणि ट्रेनिंग सर्व्हरमध्ये. महिन्याचे 730 तास चालू ठेवण्याऐवजी रोज 10 तास, 22 दिवस चालवा. 220 तास होतात, म्हणजे त्या सर्व्हरच्या भाड्यात सुमारे 70 टक्के वाचले. मात्र बंद सर्व्हरच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, ते धरूनच हिशेब मांडा.

तारजोडणी

कोअर आधी की नंतर यापेक्षा ते तोडून हलवू नका, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर मुख्य कार्यालयात आणि डेटाबेस क्लाउडवर, असा 'मधला टप्पा' कोणी सुचवला तर तिथेच थांबवा. जुन्या कोअरमधली एखादी स्क्रीन उघडताना 400 क्वेरी एकामागून एक जातात. एका खोलीत फेरीला 1 मिलिसेकंद लागतो, म्हणजे 0.4 सेकंद. लाइनवरून तीच फेरी 12 मिलिसेकंदांची झाली की 4.8 सेकंद. काउंटरवर रांग लागते आणि दोष नेटवर्कवाल्यावर येतो.

दुसरं दुखणं ईओडीचं, म्हणजे दिवसअखेरच्या बॅचचं. एडब्ल्यूएसच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये जीपी2 डिस्क असते. तिचा हक्काचा वेग जीबीमागे 3 आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाच्या फेऱ्या), म्हणजे 500 जीबीला 1500. साठलेल्या 54 लाख क्रेडिटवर (न वापरलेल्या वेगाची शिल्लक) ती 3000 ने धावते, पण तासाभरात क्रेडिट संपतात आणि वेग निम्मा होतो. टेस्टचा बॅच चाळीस मिनिटांत आटोपतो, म्हणून कोणाला कळत नाही. व्याज जमा करायच्या रात्री बॅच तीन तास चालतो आणि मध्येच रेंगाळतो. जीपी3 घ्या, तिथे 3000 कायम मिळतात. आणि चाचणी पूर्ण डेटावर, तिमाहीअखेरच्याच बॅचने घ्या.

डेटा नेण्याचंही गणित करा. 4 टीबी डेटा 100 एमबीपीएसच्या लाइनवर, 70 टक्के वेग धरला तरी सव्वापाच दिवस. म्हणजे मूळ प्रत आधी पोचवायची आणि नंतरचे बदल रेप्लिकेशनने, म्हणजे होतील तसे आपोआप पाठवून.

कोअरसांभाळ (धागाकर्ता)

@रात्रपाळी, सर्व्हर रूमबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. पण क्लाउडवर गेलं म्हणजे सुरक्षित झालं, हे मान्य नाही. 2024 च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खाजगी क्लाउड पुसलं गेलं. उभारणीच्या वेळी एका टूलमधला एक पॅरामीटर कोरा राहिला, त्यामुळे एक वर्षाची मुदत आपोआप लागली, आणि मुदत संपताच सगळं गेलं. सेवा पूर्ववत व्हायला दिवसच्या दिवस लागले आणि दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेला बॅकअपही त्यात कामी आला. म्हणून एक प्रत वेगळ्या पुरवठादाराकडे आणि वेगळ्या पासवर्डखाली हवीच. मुख्य खात्याचा अ‍ॅडमिन तिला हात लावू शकत असेल तर तिचा उपयोग नाही.

रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश 10 एप्रिल 2023 ला आले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून लागू झाले. टियर 1 आणि 2 च्या, म्हणजे लहान, नागरी बँका त्यातून वगळल्या होत्या, पण लहान बँकांनीही त्यातलं क्लाउडचं परिशिष्ट वाचावं. जबाबदारी बँकेचीच राहते, तपासणीचा हक्क करारात लागतो, बाहेर पडण्याची योजना लागते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशाप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे आणि सायबर घटना 6 तासांत कळवायची. रात्री दोनला ती कळवणार कोण, हे नाव करारावर सही होण्याआधी ठरवा.

रात्रपाळी

वेगळ्या पुरवठादाराकडची प्रत, एकदम मान्य. पण ती महिन्याला एकदा उभी करून शिल्लक जुळवून पाहा, नुसती ठेवून भागत नाही. आणि नेमकी हीच सवय डीआर 'आधी' उभारून लागत नाही. डीआर शांत पडून राहतं, प्रोडक्शन पडलं की ओरड होते, म्हणून माणसं प्रोडक्शनवरच शिकतात.

माझा आराखडा असा. यादी आणि मोजमाप मिळून तीन महिने. पूर्ण डेटावर दोन रंगीत तालमी. बदली दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारला जोडून, म्हणजे शनिवार-रविवार काउंटर बंद. यूपीआय आणि एटीएमच्या बंदीची सूचना ग्राहकांना आधी द्यायची. रविवारी दुपारी चारला शाखानिहाय शिल्लक आणि जनरल लेजर (बँकेची मुख्य खतावणी) जुळलं नाही, तर त्याच संध्याकाळी जुन्या सर्व्हरवर परत.

तारजोडणी

रविवारी चारला परतणं सोपं आहे. बुधवारी परतावं लागलं तर? तोवर तीन दिवसांचे व्यवहार फक्त क्लाउडवर असतील. उलट दिशेचं रेप्लिकेशन, क्लाउडवरून जुन्या सर्व्हरकडे, किमान पंधरा दिवस चालू ठेवा. डेटाबेसची आवृत्ती मात्र त्याच वेळी बदलू नका, नाहीतर ही उलटी वाट बऱ्याचदा चालतच नाही. हे तुमच्या आराखड्यात घातलंत तर कोअर आधी न्यायला माझा पाठिंबा. नसेल तर मी धागाकर्त्याच्या बाजूने.