गिरगावातील चाळीची प्रमाणबद्ध प्रतिकृती : स्केल, मोजमाप आणि साहित्य

प्रश्न – गल्लीकर

सप्रेम नमस्कार. गिरगावातील ज्या चाळीत माझ्या आईवडिलांचा संसार झाला, ती तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी लाकडी चाळ पुनर्विकासासाठी लवकरच पाडली जाणार आहे. त्यापूर्वी तिची, आणि जमल्यास समोरच्या इमारतींसह सगळ्या गल्लीची, प्रमाणबद्ध प्रतिकृती करावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. दिवाळीतले किल्ले आणि गणपतीची मखरे यांपलीकडे मला या कामाचा अनुभव नाही. चाळीची लांबी सुमारे ३० मीटर आणि उंची १३ मीटरच्या आसपास आहे. गल्ली ६० मीटर भरेल. घर लहान असल्यामुळे प्रतिकृती कपाटावर मावेल एवढीच करता येईल. स्केल कोणते घ्यावे, मोजमापे कशी घ्यावीत आणि मुंबईच्या पावसाळ्यात वाकणार नाही असे साहित्य कोणते, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – काटकोन

वास्तुविशारदांसाठी मॉडेल करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम मोजमापे घ्या, कारण बाकी सर्व गोष्टी नंतरही करता येतील, पण इमारत पाडल्यावर मोजायला काहीच उरणार नाही. गल्ली अरुंद असल्याने रस्त्यावरून काढलेल्या छायाचित्रात वरचे मजले निमुळते दिसतात आणि त्यावरून मापे काढणे धोक्याचे ठरते. त्यापेक्षा समोरच्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावरून, कॅमेरा आडवा-उभा न झुकवता, आपल्या चाळीच्या त्याच मजल्याची छायाचित्रे काढा. प्रत्येक छायाचित्रात अर्ध्या मीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवलेली एक सरळ काठी भिंतीला टेकवून उभी ठेवा, म्हणजे त्या प्रतलातील कोणतेही माप पुढे कागदावर काढता येईल. मजल्याची उंची जिन्यावरूनही पडताळता येते : एका पायरीची उंची मोजून तिला पायऱ्यांच्या संख्येने गुणावे. खांब, तुळई, कठड्याचे गज, दाराच्या चौकटी आणि सज्जाखालचे ब्रॅकेट यांची मापे मात्र टेपनेच घ्यावीत. रहिवाशांना आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊनच हे सर्व करावे. गॅलरी ही चाळीत घराचाच भाग असते.

स्केलचा निर्णय कठड्यावरून करावा असे माझे ठाम मत आहे, कारण चाळीचा चेहरा म्हणजे तिचा कठडा. ४० मिलिमीटर जाडीचा गज १:५० मध्ये ०.८ मिलिमीटरचा होतो आणि तो कापता येतो. १:१०० मध्ये तो ०.४ मिलिमीटर होतो आणि हाताने केलेले काम तिथे टिकत नाही. १:५० मध्ये आपली चाळ ६० सेंटीमीटर लांब आणि २६ सेंटीमीटर उंच होईल, म्हणजे ती कपाटावर नक्की मावेल.

साहित्याविषयी. भिंतींसाठी माउंट बोर्ड (चित्रांच्या चौकटीत वापरतात तो जाड पुठ्ठा) उत्तम, परंतु त्याच्या एकाच बाजूला फेविकोल किंवा पाण्याचा रंग लावला तर तो हमखास वाकतो. म्हणून कापण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना चपडा लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा आणि भिंतीच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा करावा. कठडे संगणकावर रेखाटून लेझर कटिंग करून घेतले तर पुष्कळ श्रम वाचतात. छपरासाठी थर्माकोल टाळा. साध्या स्प्रे रंगातील द्रावकाने ते विरघळते.

उत्तर – छोटी लाईन

काटकोन यांच्या मोजमापाच्या सूचना अमूल्य आहेत, परंतु स्केलबाबत माझे मत वेगळे आहे. मी प्रतिकृतीच्या आगगाड्या करतो. १:८७ या स्केलमध्ये आपली संपूर्ण गल्ली सुमारे ६९ सेंटीमीटरमध्ये बसते, माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो, आणि वाहने व दिव्याचे खांब तयार मिळू शकतात. गल्ली ही केवळ एका इमारतीची नसते, ती समोरासमोरच्या दोन रांगांची असते. १:५० च घ्यायचे असेल तर समोरच्या रांगेचा फक्त दर्शनी भाग, दोन-तीन सेंटीमीटर खोलीचा, करावा. पाहणाऱ्याला गल्लीत उभे असल्यासारखे वाटते आणि जागाही वाचते.

दुसरे असे, की वर्ष आधी नक्की करा. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, आणि येथील दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; त्यामुळे १९६५ ची गल्ली दाखवायची असेल तर रस्त्यावर ट्राम किंवा छपरावर टीव्हीचा अँटेना येऊ शकत नाही. खिडक्यांना नंतर बसवलेल्या लोखंडी जाळ्या आणि गॅलरीला लावलेल्या सरकत्या काचाही मग वगळाव्या लागतील. घरच्या लग्नाचे किंवा मुंजीचे जुने फोटो पुन्हा बारकाईने पाहा, कारण माणसांच्या पाठीमागे कठडे, दारे आणि रंग दिसत असतात.

उत्तर – राणीबाग

एकच भर घालते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईच्या लोकजीवनाच्या मातीच्या प्रतिकृती आहेत; माणसे किती थोड्या तपशिलात जिवंत वाटतात हे तिथे शिकता येते. रंग मूळ रंगापेक्षा थोडे फिके करून वापरावेत, कारण लहान आकारावर मूळ रंग भडक दिसतो. पन्हळीखालचे शेवाळाचे काळपट ओघळ मात्र विसरू नका. गिरगावातील कोणतीही भिंत त्यांच्याशिवाय खरी वाटणार नाही.

प्रत्युत्तर – गल्लीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. १:५० हेच स्केल घेतो, समोरच्या रांगेचा केवळ दर्शनी भाग करतो आणि वर्ष १९६५ ठरवतो, कारण त्याच वर्षी आई लग्न होऊन या चाळीत आली. आणखी एक शंका आहे : खोल्यांत पिवळे दिवे लावायचे झाल्यास माउंट बोर्डातून उजेड झिरपेल का?

उत्तर – काटकोन

होय, झिरपतो. भिंतींना आतून आधी काळा रंग द्या आणि तो वाळल्यावर त्यावर खोलीचा रंग लावा. उबदार पिवळ्या रंगाचे छोटे एलईडी पुरेसे होतात. प्रत्येक मजल्याच्या वायरी जिन्याच्या पोकळीतून खाली आणा आणि छप्पर न चिकटवता उचलता येईल असेच ठेवा, म्हणजे दिवा गेला तर तो बदलता येईल.